पुरातून वाचलेल्या डिस्क विकून टाकाव्यात का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ३६ वर्षांचे असून मूळचे चिपळूणचे आहेत. सध्या ते पत्नी आणि ७ वर्षांच्या मुलीसह ठाण्यातल्या एका लहान सदनिकेत राहतात. त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने २०१० साली पैसे साठवून प्लेस्टेशन ३ हे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र घेतले आणि २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४. गेमच्या ४३ डिस्क जमल्या, त्यांपैकी १८ जुन्या यंत्राच्या आणि २५ नव्या. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला, तेव्हा प्लेस्टेशन ३ कायमचे बंद पडले आणि डिस्कांची वेष्टणे चिखलात गेली. आईने मात्र एकेक डिस्क धुऊन वाळवली. ठाण्यात असलेल्या प्लेस्टेशन ४ वर त्याच्या डिस्क चालतात. जुन्या १८ लावून बघायला यंत्रच उरलेले नाही. आता दोन महिन्यांनी भाऊ नोकरीसाठी जर्मनीला जाणार आहे. त्याचे म्हणणे असे की सगळ्या डिस्क विकाव्यात, डिस्क घालायचा ड्राइव्ह नसलेले प्लेस्टेशन ५ घ्यावे आणि यापुढे सर्व काही त्याच्या ऑनलाइन खात्यावर डिजिटल घ्यावे. त्या खात्यावर दोघांच्या पैशांतून घेतलेले वीसेक गेम आधीच आहेत. पत्रलेखकांना वाटते की डिस्क ही हक्काची वस्तू आणि डिजिटल म्हणजे हवेतला व्यवहार. पण घरात जागा नाही, आणि वापरात नसलेल्या वस्तू का ठेवायच्या, हा पत्नीचा प्रश्नही त्यांना रास्त वाटतो. डिस्क ठेवाव्यात की विकाव्यात, आणि त्यांच्याविषयी इतके वाटणे हा पोरकटपणा तर नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय वाचकमित्र,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेला आहात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पुरात डिस्क वाचल्या, पण तुम्ही दोघांनी अनेक वर्षे रात्री जागून त्या गेममध्ये जिथपर्यंत मजल मारली होती, ते सारे यंत्रातल्या हार्ड डिस्कबरोबर गेले. गेमच्या डिस्कवर गेम असतो. तुम्ही तो किती खेळलात याची नोंद, म्हणजे सेव्ह फाइल, तिच्यावर कधीच नसते. शिवाय त्या १८ डिस्क आज तुमच्याच आहेत, त्यांवर कोणाचा दावा नाही, आणि तरीही तुम्ही त्यांतला एकही गेम सुरू करू शकत नाही. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ३ च्या डिस्क चालत नाहीत, त्यामुळे नवे यंत्र घेऊनही हे बदलणार नाही. ‘डिस्क हाती असली की गेम आपला’ हे गृहीतक तुमच्या स्वतःच्या घरात २०२१ सालीच अपुरे ठरलेले आहे. याचा अर्थ तुमचा भाऊ बरोबर आहे असा मात्र मुळीच होत नाही.

म्हणून ‘डिस्क की डिजिटल’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि प्रत्येक गेमसाठी वेगळा प्रश्न विचारावा, असे मी सुचवतो: आजपासून दहा वर्षांनी हा गेम सुरू करायचा झाल्यास कोणाकोणाची परवानगी लागेल आणि कोणकोणत्या गोष्टी धड असाव्या लागतील? यंत्र चालू हवे, ड्राइव्ह चालू हवा, डिस्क वाचता यायला हवी, कदाचित इंटरनेट हवे, कंपनीचा सर्व्हर हवा, एखाद्या खात्याचा पासवर्ड हवा. ही यादी जितकी लहान, तितका तो गेम तुमचा. या कसोटीला लावले तर काही डिस्क तुमच्या कल्पनेपेक्षा कमी तुमच्या ठरतील आणि काही डिजिटल गेम तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त.

डिजिटल खरेदीत आपण नेमके काय घेतो हे ठाण्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपल्याकडे भाड्याच्या बहुतेक घरांचा करार ‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावाने होतो. त्या करारानुसार घर वापरण्याची मुभा मिळते, घरावर हक्क मिळत नाही. ते विकता येत नाही, मुलांच्या नावे करता येत नाही आणि करारातल्या अटी मालकाने ठरवलेल्या असतात. डिजिटल गेमही असाच परवान्यावर मिळतो. फरक इतकाच की घराच्या करारावर मुदत ठळकपणे लिहिलेली असते आणि इथे मुदतीच्या जागी काहीच लिहिलेले नसल्यामुळे आपण ती अनंत धरून चालतो. कॅलिफोर्निया राज्याने याच मुद्द्यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी’ असा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला मालकी नव्हे तर परवाना मिळतो आहे हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे लागते. पीसीवरील गेम विकणाऱ्या स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना घातली. भारतातल्या ग्राहकानेही ते वाक्य तिथे आहे असे समजूनच बटण दाबावे.

डिस्कच्या बाबतीतही आतला प्रोग्रॅम परवान्यानेच मिळतो, हे खरे आहे. पण ती डिस्क घेऊन जायला कोणी तुमच्या घरी येत नाही. ती तुम्ही मित्राला आठवडाभर देऊ शकता, विकू शकता, मुलीच्या हाती ठेवू शकता आणि त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. व्यवहारातली मालकी म्हणतात ती हीच, आणि तिच्याविषयी तुम्हाला वाटणारी ओढ पोरकट नाही. ती कमी करण्याचा सल्ला मी देणार नाही. ती कोणत्या डिस्कांवर ठेवावी एवढेच तपासून घ्या.

कारण सगळ्या डिस्क एका जातीच्या नसतात. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजून डिस्क घेतली होती, त्यांच्या हाती एक चकाकती तबकडी उरली. याच प्रकरणावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघापुढच्या तिच्या नागरिक याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या ग्राहकांपैकी अनेकांनी डिस्कच घेतली होती. वेष्टणावरची बारीक अक्षरातली ‘इंटरनेट आवश्यक’ ही ओळ तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली होती.

दुसरा प्रकार नावापुरत्या डिस्कचा. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर १०० एमबीपेक्षाही कमी मजकूर होता, उरलेला प्रचंड गेम डाउनलोडच करावा लागे. एका बाजूला १०० जीबी मावेल अशी डिस्क आणि तिच्यावर मोबाइलमधल्या काही छायाचित्रांएवढा ऐवज. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठी तर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकारच आहे, ज्यात कार्ड ही फक्त किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. असे कार्ड दुसऱ्याला विकता येते, हा त्याचा गुण मान्य करायला हवा. पण डाउनलोडचा सर्व्हर बंद झाला की किल्ली हाती राहील आणि कुलूप नाहीसे झालेले असेल.

तिसरा प्रकार अर्धवट शिजलेल्या गेमचा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या दोषांसह आला की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो काही दिवसांतच आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्ये तिथे परत आणला. मधल्या आणि पुढच्या काळात अपडेटमागून अपडेट आले, पण पहिल्या दिवशी विकल्या गेलेल्या डिस्कवर तोच सदोष गेम गोठलेला आहे. तुमच्या प्लेस्टेशन ४ च्या २५ डिस्कांमध्ये असे काही असणार, आणि ते ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. आधी सेव्ह फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, मग यंत्राचे इंटरनेट बंद करून गेम काढून टाकावा, तो फक्त डिस्कवरून पुन्हा इन्स्टॉल करावा आणि अर्धा तास खेळून बघावा. नीट चालला तर ती डिस्क खऱ्या अर्थाने तुमच्या कपाटात आहे. ‘डझ इट प्ले’ नावाचा एक हौशी गट हीच तपासणी शेकडो गेमसाठी करून निकाल प्रसिद्ध करतो, त्यामुळे नवा गेम घेण्याआधीही त्यांचा निकाल पाहता येईल.

हे सगळे वाचून तुम्ही भावाच्या बाजूला झुकू लागला असाल, तर डिजिटलचा खरा गुण आणि खरी जोखीम दोन्ही समोर ठेवतो. गुण तुम्ही पुरात पाहिलाच आहे: भावाच्या खात्यावरच्या गेमना वाशिष्ठीचे पाणी लागले नाही. घर बुडाले, चोरी झाली, वाळवी लागली, तरी नवे यंत्र आणून खाते उघडले की गेम परत उतरवता येतात. स्टोअर बंद होते म्हणजे सगळेच जाते, असेही नसते. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलच्या, म्हणजे गेमच्या यंत्रांच्या, स्टोअरवरची विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबवली, तरी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय चालू ठेवली. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचे स्टोअर २९ जुलै २०२४ रोजी बंद करताना तेच केले. ‘फोर्झा होरायझन ४’ मधल्या मोटारींचे परवाने संपत आल्यामुळे तो १५ डिसेंबर २०२४ पासून विकला जात नाही, पण ज्यांच्या खात्यात आहे त्यांच्याकडून तो काढून घेतलेला नाही. विक्री थांबणे, पुन्हा उतरवणे थांबणे आणि परवानाच रद्द होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्या वाचताना आपण त्या एकच समजून घाबरतो किंवा निर्धास्त होतो.

जोखीम अशी की या तिन्हींपैकी केव्हा काय होणार याचा निर्णय आपल्या हाती अजिबात नसतो. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हीटा या हातात धरून खेळायच्या यंत्राचे स्टोअर बंद करण्याचे जाहीर केले आणि लोकांनी आवाज उठवल्यावर पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. तेव्हाही थांबणार होती ती नवी विक्री; आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येणारच होते. दूरवरचे चित्र तर त्याहून चिंतेचे आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी त्या देशात आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. जुन्या डिस्क आणि कॅसेटी कोणीतरी कपाटात जपून ठेवल्या म्हणून त्यांतले अनेक अजून खेळता तरी येतात. एखादी माउली चिखलातून डिस्क उचलून धुते, तेव्हा ती नकळत हेच काम करत असते.

आता भावाच्या खात्याबद्दल. हा भाग मी सविस्तर लिहितो आहे, कारण तुमच्या पत्रात तो जवळजवळ नाही आणि पुढे वाद झालाच तर तो इथून होईल. वीस गेम दोघांच्या पैशांतून घेतले, पण खाते एकाच्या नावावर आहे. जमिनीच्या बाबतीत सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे हे आपण आधी बघतो. इथे मात्र भावाभावांत कसला हिशेब म्हणून दोघांनीही ते पाहिले नाही. डिस्कांची वाटणी करता येते, बारा तुला आणि तेरा मला असे म्हणता येते. खात्याची वाटणी होत नाही. प्लेस्टेशन असो वा स्टीम, खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि त्यातला एखादा गेम उचलून दुसऱ्या खात्यात ठेवता येत नाही. स्टीमने तर मृत्युपत्राद्वारेही खाते वारसाकडे देता येणार नाही, असे उत्तर दिल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. उद्या तुमच्या मुलीला बाबांचे आणि काकांचे गेम द्यायचे म्हटले, तर डिस्क देता येतील. खात्याचा फक्त पासवर्ड सांगता येईल, आणि तोही कराराच्या कडेकडेने.

त्यात भाऊ परदेशी चालला आहे. प्लेस्टेशनच्या खात्याला उघडताना जो देश दिला तो नंतर बदलता येत नाही. जर्मनीतल्या बँकेच्या कार्डावर तिथल्या स्टोअरमधून खरेदी करायची तर त्याला बहुधा नवे खाते उघडावे लागेल, आणि जुने भारतीय खाते हळूहळू अडगळीत पडेल. त्या खात्याची दुहेरी पडताळणी त्याच्या भारतीय मोबाइल क्रमांकावर असेल आणि तो क्रमांक वर्षभराने बंद झाला, तर तुम्ही दोघेही बाहेर राहाल. म्हणून त्याने निघण्यापूर्वी खात्याचा ईमेल, पडताळणीची पद्धत आणि बॅकअप कोड नीट तपासून कागदावर लिहून ठेवावेत. एका यंत्रावर ‘कन्सोल शेअरिंग’ चालू करून त्याचे गेम तुमच्या खात्यातून खेळण्याची सोय प्लेस्टेशन ५ वर आहे. आज तिचा उपयोग करून घ्या, पण पुढच्या पंधरा वर्षांची व्यवस्था तिच्यावर उभी करू नका, कारण ही सोयदेखील कंपनीने दिलेली मुभाच आहे. माझे स्पष्ट मत असे की यापुढचे डिजिटल गेम तुम्ही तुमच्या स्वतःच्या खात्यावर घ्यावेत. जुन्या वीस गेमचा हिशेब भावाबरोबर आत्ताच बोलून घ्यावा. डिस्क तुमच्याकडे आणि खाते त्याच्याकडे, ही वाटणीही पुष्कळ न्याय्य ठरेल.

जर्मनीहून डिस्क आणण्याचा विचारही तुमच्या मनात येईल. प्लेस्टेशन ५ च्या गेम-डिस्क कोणत्याही देशातल्या यंत्रावर चालतात. पण गेमची नंतर येणारी जादा प्रकरणे, म्हणजे डीएलसी, डिस्क ज्या प्रदेशातली असेल त्याच प्रदेशाच्या स्टोअरमधून घ्यावी लागते. ती जुळली नाही तर पैसे वाया जातात. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकांकडून गेम मागवणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

यंत्र कोणते घ्यावे? भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आले तेव्हा ड्राइव्ह असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० आणि नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. फरक १०,००० रुपयांचा. नवा गेम ५,००० रुपयांना घेऊन, खेळून झाल्यावर २,५०० रुपयांना विकला गेला असे धरले, तर चार गेममध्ये हा फरक वसूल होतो, आणि मुंबई-ठाण्यात वापरलेल्या डिस्क घेणारी माणसे सापडायला अडचण येत नाही. डिजिटल गेम सवलतीच्या दिवसांत स्वस्त मिळतात हे मान्य, पण विकत घेतल्यावर त्यांची पुनर्विक्रीची किंमत शून्य असते. तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: प्लेस्टेशन ४ च्या डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर चालतात. ड्राइव्ह नसलेले यंत्र घेणे म्हणजे त्या २५ डिस्कांचा निर्णय न बोलता घेऊन टाकणे आहे. नव्या, सडपातळ मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो. पण जोडताना एकदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी करावी लागते, म्हणजे परवानगीच्या यादीत आणखी एक ओळ वाढते. तुम्ही ड्राइव्हसह घ्यावे.

मात्र डिस्क घेतली म्हणजे यंत्रातली जागा वाचते, हा समज काढून टाका. डिस्कवरून वाचण्याचा वेग आजच्या गेमना पुरत नाही, त्यामुळे डिस्कचा गेमही यंत्राच्या आतल्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान साठवणीवर, पूर्ण उतरतो आणि डिस्क केवळ मालकीचा पुरावा म्हणून ड्राइव्हमध्ये बसून राहते. मूळच्या प्लेस्टेशन ५ मधली जागा ८२५ जीबी, त्यातली प्रत्यक्ष वापरता येणारी सुमारे ६६७; एकेक गेम १०० जीबीचा असेल तर सहा गेमांत ती भरते. प्लेस्टेशन ४ चे गेम बाहेरच्या साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवून थेट चालवता येतात, प्लेस्टेशन ५ चे फक्त साठवता येतात. त्यामुळे जुने गेम बाहेर आणि नवे आत, अशी मांडणी करावी. डाउनलोडचा विचार करताना घरच्या इंटरनेटचा वेगही पाहावा: ४० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरायला साडेपाच तास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन. चिपळूणच्या घरी मोबाइलच्या डेटावर हे जमणारच नाही. तिथे डिस्कच कामाला येईल.

जागेविषयी तुमच्या पत्नीच्या म्हणण्याचा आदर ठेवून एक मोजमाप सांगतो. वेष्टणासह एक डिस्क साधारण दीड सेंटिमीटर जागा घेते. ४३ डिस्क म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर, दोन फुटांच्या आसपास. प्रश्न घरातल्या जागेपेक्षा त्या वस्तूंना घरात स्थान आहे का याचा असावा, आणि तो कपाट मोजून सुटणार नाही. पत्नीसमोर बसून एकेक डिस्क काढावी आणि तीन ढीग करावेत. इंटरनेटशिवाय चालणारे आणि मुलीबरोबर पुन्हा खेळावेसे वाटणारे गेम पहिल्या ढिगात. सर्व्हरवर अवलंबून असलेले किंवा नावापुरत्या डिस्कचे गेम दुसऱ्यात. ते आजच विकावेत, कारण सर्व्हर बंद झाल्यावर त्यांना कोणी विचारणार नाही. तिसऱ्यात असे गेम ज्यांच्याशी तुमची आठवण जोडलेली आहे पण जे तुम्ही पुन्हा खेळणार नाही. हा ढीग बहुतेक लहान निघतो. तो तसाच ठेवावा, आणि त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देऊ नये.

पुराचे पाणी लागलेल्या डिस्कांची थोडी काळजी घ्यायला हवी. तुमच्या डिस्क ब्ल्यू-रे जातीच्या आहेत. ब्ल्यू-रे डिस्कमध्ये माहितीचा थर चकाकणाऱ्या पृष्ठभागापासून अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरवर असतो. म्हणूनच ब्ल्यू-रेला वरून कठीण लेप दिलेला असतो आणि म्हणूनच तुमच्या डिस्क चिखलातून वाचल्या असाव्यात. तरी गाळाचे बारीक कण ओरखडे काढतात, म्हणून आधी स्वच्छ पाण्याखाली धरून कण वाहू द्यावेत, मग मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल फिरवू नये. कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरते, त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात त्या उभ्या ठेवाव्यात. शक्यतो ठाण्यात, आणि चिपळूणला ठेवायच्याच असतील तर वरच्या मजल्यावर. लहानपणी आम्ही टीव्ही गेमच्या कॅसेटला फुंकर मारत असू आणि तिने ती चालू होते असे मानत असू; खरे तर तोंडातल्या ओलाव्याने आतले तांबे गंजत होते. डिस्कवरही फुंकर मारू नका.

ज्या वाचकांकडे कन्सोल नाही आणि जे पीसीवर खेळतात, त्यांच्यासाठी एक तिसरा मार्ग आहे. जीओजी या २००८ पासून चालू असलेल्या स्टोअरवरचे गेम कुलूप न लावता मिळतात. त्यांची इन्स्टॉलर फाइल उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे ना खाते लागते ना इंटरनेट. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करण्याची मुभा आहे. पण कन्सोलच्या डिस्कवरचे कुलूप तोडून प्रती काढणे ही वेगळी गोष्ट आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ त्या वाटेवर उभे आहे, म्हणून ती वाट मी सुचवत नाही. इन्स्टॉलरच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे विसंबू नये, कारण वीज न मिळता पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतला भार हळूहळू ओसरतो. साधी हार्ड डिस्क घ्यावी आणि वर्षातून एकदा जोडून पाहावी.

आता भाऊ निघायला उरलेल्या दोन महिन्यांविषयी. प्लेस्टेशन ४ मधल्या सगळ्या सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. त्या ज्या खात्यातून तयार झाल्या त्याच खात्यातून उघडतात, म्हणून भावाच्या सेव्ह फाइलची एक प्रत त्याच्याबरोबर जर्मनीला जाऊ द्या. प्लेस्टेशन ५ च्या गेमची सेव्ह फाइल मात्र पेनड्राइव्हवर घेता येत नाही. ती प्लेस्टेशन प्लसचे वर्गणीदार असाल तरच कंपनीच्या क्लाउडवर जाते. नव्या यंत्रावर खेळायला लागाल तेव्हा हे ध्यानात असू द्या, कारण २०२१ मध्ये तुम्ही जे गमावले ते याच प्रकारचे होते. प्लेस्टेशन ४ सोफ्यामागे पडून असेल तर त्याचे सॉफ्टवेअर सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या आवृत्तीपर्यंत तरी आणून ठेवा. त्याआधीच्या आवृत्त्यांत आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि यंत्र सोनीच्या सर्व्हरशी जोडले गेले नाही, तर डिस्कचे गेमदेखील अडून बसत असत.

आणि त्या १८ डिस्क विकू नका, निदान इतक्यात नको. वापरलेले, चालू स्थितीतले प्लेस्टेशन ३ शोधा; ते विकत घ्यायला मन होत नसेल तर ओळखीतून आठवड्यासाठी उसने मागा. भाऊ चिपळूणला निरोप घ्यायला येईल तेव्हा दोघांनी मिळून एकेक डिस्क लावून बघा. ज्या चालतील त्यांच्यासाठी नवी रिकामी वेष्टणे मिळतात. डिस्कवर पेनने काही लिहू नका आणि चिकटपट्टीही लावू नका, तिने फिरताना तोल जातो. वेष्टणात घालायचा कागद मात्र भावाच्या हातून लिहून घ्या: गेमचे नाव, कोणत्या साली घेतला, कोणाच्या वाट्याचे किती पैसे होते, आणि तो इंटरनेटशिवाय चालतो की नाही.